लातूरची रेल्वे, न्यूयॉर्कची सही आणि दोनशे रुपये

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, एकूण सुमारे पाच लाख लिटर पाणी. वाघिणी राजस्थानातल्या कोटा इथल्या रेल्वे कारखान्यात आतून धुऊन, निर्जंतुक करून आणलेल्या. लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणात उपयुक्त साठा शून्य होता. मार्च महिन्यातच शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती कलम १४४ लावलं गेलं होतं, म्हणजे पाचपेक्षा जास्त माणसांनी तिथं एकत्र यायचं नाही. दंगलीसाठी वापरायचं कलम घागरींच्या रांगेवर लावलं गेलं.

बरोबर दहा दिवसांनी, २२ एप्रिल २०१६ ला, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात पॅरिस करारावर सह्या झाल्या. एकाच दिवशी १७५ सह्या. भारताच्या वतीनं सही केली तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी. म्हणजे हवामान बदलाच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या करारावर एक पुण्याचा माणूस सही करत होता, त्या दिवशी त्याच राज्यातल्या एका जिल्ह्याच्या गावाला रेल्वेनं पाणी येत होतं.

या दोन घटना एकमेकींमुळे घडल्या असं मला म्हणायचं नाही. पण दोन्हींच्या मागे एकच प्रश्न आहे. संकट सगळ्यांचं असेल तर त्याचा भार कुणी किती उचलायचा? भारत हा प्रश्न जगाला गेली पन्नास वर्षं विचारतो आहे, आणि बरोबर विचारतो आहे. तोच प्रश्न लातूर आणि नांदेड आपल्या राज्याला विचारतात, तेव्हा काय होतं? या लेखात मी या दोन प्रश्नांचा इतिहास एकमेकांशेजारी ठेवून बघणार आहे.

१९७२ : एक परिषद, एक दुष्काळ

५ ते १६ जून १९७२ या काळात स्वीडनची राजधानी स्टॉकहोम इथं मानवी पर्यावरणावरची पहिली जागतिक परिषद भरली. ११३ देश आले होते. यजमान स्वीडनचे पंतप्रधान उलोफ पाल्मे सोडले तर परिषदेला स्वतः हजर राहिलेल्या एकमेव सरकारप्रमुख होत्या इंदिरा गांधी. १४ जूनला त्यांनी भाषण केलं. त्याचा गाभा असा होता : ज्यांच्या पोटात अन्न नाही आणि हाताला काम नाही, त्यांना नद्या-जंगलं जपायचा उपदेश करून भागत नाही. आधी गरिबीचं बघा, कारण गरिबी आणि पर्यावरणाची नासाडी हे वेगवेगळे विषय नाहीत.

ही भूमिका एका रात्रीत तयार झाली नव्हती. १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फुने गावात तज्ज्ञांची एक बैठक झाली होती. पर्यावरणाची चर्चा म्हणजे श्रीमंत देशांनी आपली धुराडी उभारून झाल्यावर आता आमच्या धुराड्यांना कुलूप लावण्याचा डाव आहे, अशी शंका तेव्हा अनेक गरीब देशांना होती. विकास आणि पर्यावरण एकत्र बघायला हवेत हे सूत्र त्या बैठकीतून पुढे आलं. आज आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्यात विकसनशील देशांची बाजू म्हणून जे काही आहे, त्याची मुळं इथं सापडतात.

आणि आपल्याकडे? स्टॉकहोमची परिषद संपली आणि महाराष्ट्रात पाऊस आलाच नाही. १९७२ चा दुष्काळ. मराठवाड्यातल्या घराघरात हे साल अजून वेळ मोजायला वापरतात. माझी आजी कुणाचंही वय सांगताना ‘बहात्तरच्या आधी’ किंवा ‘बहात्तरच्या नंतर’ असंच सांगायची. खडी फोडायला जाणं, कामावर मिळणारी सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, हे सगळं मी तिच्याकडूनच ऐकलं. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं राबत होती.

या दुष्काळातून महाराष्ट्रानं एक गोष्ट केली, तिचं महत्त्व आपल्याला अजून पुरतं कळलेलं नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर रुजली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं हे सरकारचं बंधन ठरलं. मग प्रश्न आला, पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ मध्ये एक कर आला : व्यवसाय कर.

महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर आत्ता पेस्लिप उघडून बघा. ‘पी.टी.’ या नावाखाली दरमहा २०० रुपये कापलेले दिसतील आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. कंपनीत नवीन लागलेली पोरं विचारतात, हे कसले? ते बहात्तरच्या दुष्काळाचे. ज्याला शहरात नियमित पगार मिळतो, त्यानं दुष्काळात खडी फोडणाऱ्याच्या मजुरीला हातभार लावायचा, या हिशेबानं हा कर सुरू झाला. तो फार न्याय्य आहे असंही नाही. राज्यघटनेनंच त्याला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातल्यामुळे कोट्यधीशही तेवढेच भरतो. पण त्यात तीन गोष्टी स्पष्ट आहेत : कोण देणार, किती देणार, कधी देणार.

स्टॉकहोमच्या जाहीरनाम्यात २६ तत्त्वं होती. या तीन गोष्टी त्यांतल्या एकाही तत्त्वात नव्हत्या.

स्टॉकहोम भारतात आलं, पण कुठपर्यंत?

स्टॉकहोमचा आपल्यावर काही परिणाम झाला नाही असं मात्र नाही. १९७४ मध्ये जलप्रदूषणाचा कायदा आला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत कलम ४८-अ आणि ५१-अ (ग) आली. पर्यावरणाचं रक्षण हे एकाच वेळी राज्याचं धोरण आणि नागरिकाचं कर्तव्य झालं. १९८१ चा हवाप्रदूषण कायदा आणि भोपाळच्या वायुगळतीनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, या दोन्हींच्या उद्देशिकेत स्टॉकहोम परिषदेचा नाव घेऊन उल्लेख आहे.

यामागे एक घटनात्मक युक्ती आहे. पाणी हा राज्यांचा विषय. पण कलम २५३ म्हणतं, आंतरराष्ट्रीय करार किंवा परिषदेतले निर्णय अमलात आणायचे असतील तर संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते. म्हणजे दिल्लीला पर्यावरणावर देशभरासाठी कायदा करायचा अधिकार मिळाला तो स्टॉकहोमच्या वाटेनं. पुढं १९९६ मध्ये वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ‘प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई द्यावी’ हे जागतिक तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं. २०१० मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आलं, त्याचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे.

पण बारकाईनं बघा. हे सगळे कायदे घाण कोण करतो हे विचारतात. पाणी कुणाला मिळतं, हे विचारत नाहीत. कारखान्याच्या नळातून काळं पाणी ओढ्यात गेलं तर तक्रार करायला दार आहे. ओढ्यात पाणीच नसेल तर कोणत्या दारात जायचं? लातूरचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता.

मेसचं बिल

जून १९९२ मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरो शहरात पुढची मोठी परिषद झाली. तिथं हवामान बदलाचा मूळ करार सह्यांसाठी खुला झाला, आणि रिओ जाहीरनाम्याच्या सातव्या तत्त्वात विकसनशील देशांनी ज्यासाठी भांडण केलं होतं ते वाक्य आलं : जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही.

हे समजायला हॉस्टेलची मेस आठवा. काही जण महिनाभर दोन्ही वेळा जेवले, वर पाहुणे आणले. एक जण २८ तारखेला आला आणि दोन वेळा जेवला. महिनाअखेरीस बिल सगळ्यांत सारखं वाटलं तर तो भांडणारच. श्रीमंत देश दीडशे-दोनशे वर्षं कोळसा आणि तेल जाळत आले. आपण उशिरा आलो. तेव्हा बिल खाल्ल्याप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे वाटा, एवढंच म्हणणं.

या म्हणण्याला आकड्यांचा आधार दिला तो दिल्लीच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी. १९९१ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या एका संस्थेच्या अहवालाला उत्तर लिहिलं. त्या अहवालात भारत-चीनसारखे देशही मोठे दोषी दिसत होते. अगरवाल-नारायण यांनी विचारलं, भाताच्या खाचरातून आणि गाई-म्हशींमुळे निघणारा मिथेन आणि चैनीच्या मोटारींचा धूर एकाच तराजूत कसा घालता? पोटासाठीचं उत्सर्जन वेगळं, चैनीचं वेगळं. वातावरण सगळ्या माणसांचं आहे, म्हणून हिशेब दरडोई करा.

मला हा युक्तिवाद अजूनही पटतो. पण त्याच्यात एक जागा मोकळी राहिली, आणि तिथूनच मराठवाडा निसटतो. दरडोई म्हणजे सरासरी. माझ्या कामात सर्व्हर सरासरी किती वेळात उत्तर देतो हे बघून कुणी निवांत बसत नाही. सरासरी चांगली असते आणि तरी शंभरातल्या पाच जणांचं पान उघडतच नाही. तक्रार त्या पाच जणांकडून येते. भारताची दरडोई सरासरी कमी दिसते ती मुख्यतः अशा माणसांमुळे, ज्यांच्या घरात एक पंखा आणि दोन बल्ब आहेत. २००७ मध्ये ग्रीनपीस इंडियानं नेमका हाच मुद्दा मांडला होता : देशातला सधन वर्ग गरिबांच्या सरासरीआड लपतो. जगात गरिबांच्या नावानं मिळालेली सवलत देशात कुणाच्या वाट्याला जाते, हे विचारणारी यंत्रणा कोणत्याच करारात नाही.

हवेच्या वहीत हिरवा, पाण्याच्या वहीत लाल

आता परत लातूरला येऊ. २०१४ आणि २०१५ असे लागोपाठ दोन मान्सून देशभर तुटीचे गेले. १२ टक्के आणि १४ टक्के. मराठवाड्यात त्याचा फटका जास्त बसला. पण नुसतं आभाळाकडे बोट दाखवून भागत नाही. केंद्रीय कृषिमूल्य आयोगानं दाखवून दिलेलं एक प्रमाण राज्याच्या पाण्याबद्दल खूप काही सांगतं : महाराष्ट्रात पिकांखालच्या एकूण जमिनीपैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस, आणि तो पितो सिंचनाच्या पाण्यापैकी जवळपास ७० टक्के. मांजरेचं खोरं उसाचं आणि साखर कारखान्यांचं खोरं आहे.

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला शिव्या देणं सोपं आहे. पण उसाला सरकारनं ठरवलेला दर असतो आणि कारखाना ठरलेला असतो. सोयाबीनचा भाव लातूरच्या आडत बाजारात माल नेईपर्यंत कळत नाही. दोन एकरवाला माणूस भरवशाचं पीक निवडतो, यात त्याचं काय चुकलं? चूक त्या धोरणाची आहे, जे भरवसा फक्त सगळ्यात तहानलेल्या पिकाला देतं.

इथं जागतिक धोरण मदतीला आलं का? उलट झालं. १९९७ च्या क्योटो करारात एक सोय होती. श्रीमंत देशांनी गरीब देशातल्या कमी उत्सर्जनाच्या प्रकल्पांकडून कार्बनची बचत विकत घ्यायची. भारतातल्या अनेक साखर कारखान्यांचे उसाच्या चिपाडावर, म्हणजे बगॅसवर, वीज बनवणारे प्रकल्प या योजनेत नोंदले गेले. कोळशाऐवजी चिपाड जाळलं, म्हणून कार्बन वाचला. हिशेब बरोबर. पुढे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं गेलं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नोंद आहे की उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं.

म्हणजे हवेच्या वहीत ऊस हिरवा आणि पाण्याच्या वहीत लाल. आंतरराष्ट्रीय करारांनी हवेची वही फार नीट ठेवली, कारण हवा सगळ्या जगाची आहे. पाण्याची वही ज्याची त्यानं ठेवायची. १९९७ मध्येच संयुक्त राष्ट्रांनी देशादेशांतून वाहणाऱ्या नद्यांचा करार मतदानाला आणला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. नदीच्या न्याय्य वाटपाची भाषा जगापुढे आपण हातचं राखूनच बोललो.

अनुशेष : आपला स्वतःचा शब्द

गंमत म्हणजे रिओच्या आधीच महाराष्ट्राकडे या प्रश्नासाठी स्वतःचा शब्द होता. अनुशेष.

मराठवाडा १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. रस्ते, शाळा, सिंचन, सगळ्यातच मागे. १९८३ मध्ये राज्य सरकारनं अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली. तिनं १९८४ मध्ये जिल्हावार हिशेब मांडला : राज्याच्या सरासरीच्या खाली कोण किती आहे, आणि ती दरी भरायला किती पैसा लागेल. एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा निघाला, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी. तेव्हाच्या रुपयांत.

विचार करा, हे काय आहे? ज्याला जग ‘ऐतिहासिक जबाबदारी’ म्हणतं आणि अजून आकड्यात मांडायला कचरतं, ते एका मराठी अर्थशास्त्रज्ञानं रिओच्या आठ वर्षं आधी राज्यापुरतं मांडून दाखवलं होतं. तो हिशेब अमलात यावा म्हणून राज्यघटनेच्या कलम ३७१ (२) खाली १९९४ मध्ये विकास मंडळं स्थापन झाली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. पॅरिस करारातली आर्थिक मदत वेळेवर मिळत नाही म्हणून आपण परिषदांमध्ये जे बोलतो, ते सगळं मराठवाड्याचा माणूस मुंबईला शब्द न बदलता म्हणू शकतो.

दुसरा शब्द ‘समन्यायी’. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचं कलम १२ (६) (ग) मला आपल्या राज्यातलं सगळ्यात धाडसी कलम वाटतं. त्याचा अर्थ असा : टंचाईचं दुःख खोऱ्यात सारखं वाटून घ्यायचं. ऑक्टोबरअखेर एका खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील, असं नियंत्रण करायचं. तारीख आहे, आकडा आहे.

हे कलम सगळ्यात जास्त कसाला लागलं जायकवाडीवर. स्टॉकहोमनंतर चार वर्षांनी, फेब्रुवारी १९७६ मध्ये, इंदिरा गांधींच्याच हस्ते जायकवाडीचं लोकार्पण झालं. क्षमता सुमारे १०२ टीएमसी. पण वर नाशिक आणि नगर जिल्ह्यांत धरणं आहेत. तुटीच्या वर्षात ती आधी भरतात, आणि पैठणपासून खाली नांदेडच्या विष्णुपुरीपर्यंत गोदावरीकाठ वाट बघत बसतो. २०१४ मध्ये प्राधिकरणानं नियम घालून दिला : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी पाणी असेल तर वरून सोडायचं. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. तरी २०२३ मध्ये ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश ऑक्टोबरअखेर निघाला आणि पाणी प्रत्यक्ष सुटायला नोव्हेंबरची अखेर उजाडली. मध्ये आंदोलनं, कोर्ट, बैठका. सोडलेलं पाणी वाटेत कोरडी नदी पिते हे वेगळंच.

वरच्या शेतकऱ्याचं म्हणणं खोटं असतं का? नाही. त्याच्या द्राक्षाला आणि उसालाही पाणी लागतं, आणि ते त्याच्या डोळ्यांसमोरून खाली जातं. नेमकं असंच अमेरिकेतला वा युरोपातला सामान्य माणूस म्हणतो : आजोबांनी जाळलेल्या कोळशाचं बिल मी का भरू? हा प्रश्न आपल्याला तिथं निर्लज्ज वाटतो आणि इथं रास्त वाटतो. का ते आपणच आपल्याला विचारायला हवं.

बाभळी : आपण वर असतो तेव्हा

आपण नेहमीच खालच्या बाजूला असतो असंही नाही. नांदेड जिल्ह्यात धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळी बंधारा आहे. चौदा दरवाजे, क्षमता २.७४ टीएमसी. इथं आपण वर आणि तेलंगण खाली. बंधारा पोचमपाड, म्हणजे श्रीराम सागर, धरणाच्या फुगवट्यात येतो. आपलं पाणी अडेल म्हणून तेव्हाच्या आंध्र प्रदेशानं २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. जुलै २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आमदारांना घेऊन बाभळीकडे आले आणि महाराष्ट्र पोलिसांनी त्यांना अटक केली. तेलुगू वाहिन्यांवर धर्माबादचं नाव दिवसभर चालू होतं.

महाराष्ट्राचा आधार जुना होता. गोदावरीच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद नेमला गेला होता. त्याच्यापुढे चाललेल्या वाटाघाटींत ६ ऑक्टोबर १९७५ ला करार होऊन जायकवाडीखालच्या नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राला ६० टीएमसी मिळाले होते. २८ फेब्रुवारी २०१३ ला न्यायालयानं निकाल दिला : बंधारा राहील, पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर सगळे दरवाजे उघडे ठेवायचे, आणि दरवर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. देखरेखीला तीन जणांची समिती.

बघा, इथं कायदा किती नेमका झाला. तारीख, आकडा, जबाबदार माणसं. भांडण थांबलं. पण काठावरच्या गावांना विचारा. दरवाजे बंद होतात तेव्हा पावसाळा सरलेला असतो. नदीचं मोठं पाणी निघून गेलेलं असतं, आणि कमी पावसाच्या वर्षी बंधारा भरायला पाणी उरत नाही. म्हणजे तारीख असणं पुरेसं नाही. ती ठरवताना नदीचं वेळापत्रक आणि काठावरचा माणूस खोलीत होता का, हेही तितकंच महत्त्वाचं. जागतिक परिषदांत आपले प्रतिनिधी वाक्यातल्या एका क्रियापदासाठी रात्र जागवतात ते याच कारणानं.

मदत की कर्ज?

आता पैशाकडे. २००९ मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी शब्द दिला : २०२० पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या हिशेबानुसार तो आकडा गाठला गेला २०२२ मध्ये, आणि त्यातला मोठा भाग कर्ज आहे.

याचा अर्थ काय, हे मराठवाड्यात दिसतं. हवामान बदलाला तोंड देणारी शेती उभी करायला राज्यानं २०१८ मध्ये नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू केला. गावात त्याला सगळे ‘पोकरा’ म्हणतात. पंधरा जिल्हे, ५,१४२ गावं, त्यात नांदेड आणि लातूर दोन्ही. शेततळं, ठिबक, शेडनेट यांना अनुदान मिळालं. चांगला प्रकल्प. पण त्यामागचे ४२ कोटी डॉलर जागतिक बँकेचे आहेत, आणि ते कर्ज आहे. ज्या संकटाचं मोठं बिल दुसऱ्याचं, असं आपण म्हणतो, त्याच्यापासून वाचण्याचा खर्च आपण उसनवारीनं करतो आणि व्याजासकट फेडतो. मेसमध्ये २८ तारखेला आलेल्या पोराला बिल भरायला महिनाभर जेवणाऱ्यांनी कर्ज दिलं, असा हा प्रकार.

२०२२ मध्ये शर्म अल शेखच्या परिषदेत ‘हानी आणि नुकसान’ निधी मान्य झाला. जे वाचवता आलं नाही, त्याच्या भरपाईचा. २०२४ मध्ये बाकूला २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं उद्दिष्ट ठरलं, आणि भारतानं तिथंच ते अपुरं असल्याचं सांगितलं. बरोबर सांगितलं. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात पुराचं पाणी गावांत शिरलं आणि सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातल्या शेतांतलं सोयाबीन पाण्याखाली कुजलं, तेव्हा त्या जागतिक निधीची तिथं कुणाला आठवणही आली नाही. शेतकरी पंचनामा, तलाठी आणि बँक खातं या तीनच गोष्टींची वाट बघत होता. जागतिक कायद्याचा रस्ता गावापर्यंत येतो, तो शेवटी पंचनाम्याच्या कागदातूनच.

म्हणून काय?

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी घडल्या आहेत. २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असणं हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क आहे. आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं एकमतानं मत दिलं की हवामान वाचवणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि ती मोडली तर भरपाईचा प्रश्न येऊ शकतो. या दुसऱ्या गोष्टीची सुरुवात २०१९ मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी केली होती. वानुआतू हा देश लोकसंख्येनं लातूर शहराहून लहान आहे. तिथल्या वर्गातून निघालेला प्रश्न हेगपर्यंत गेला.

मला त्यातून एक गोष्ट दिसते. जगाशी भांडायची भाषा आणि मुंबईशी भांडायची भाषा वेगळी नाही. जिनिव्हात, बाकूत आपला देश जे मागतो ते खरं आहे, म्हणूनच ते नाशिक-पैठणच्या मध्येही खरं असायला हवं, बाभळीलाही आणि ऊस व सोयाबीनच्या मध्येही. एका ठिकाणी न्याय मागायचा आणि दुसऱ्या ठिकाणी सरासरी दाखवायची, हे फार काळ चालत नाही. समोरचे हुशार असतात, ते आपली घरची वही उघडून दाखवतात. आणि घरची वही नीट असेल तर बाहेर आवाज चढवायला जोर येतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर याच राज्यानं कोण, किती, कधी हे तिन्ही लिहून दाखवलं होतं. पुढे २००५ मध्ये देशानं रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता. आधी घरी केलं, मग देशानं घेतलं.

तेव्हा दरवर्षी दोन तारखा लक्षात ठेवायला हरकत नाही. पहिली १५ ऑक्टोबर. त्या दिवशी जायकवाडीत किती टक्के पाणी आहे आणि वरच्या धरणांत किती, हे फोनवर दोन मिनिटांत सापडतं. दुसरी, जागतिक हवामान परिषद सुरू होते तो दिवस, बहुतेक वेळा नोव्हेंबरात. परिषदेच्या बातम्या वाचताना ऑक्टोबरचा आकडा शेजारी ठेवा. आपण जगाकडे जे मागतोय ते आपण एकमेकांना किती दिलं, याचं उत्तर त्या दोन बातम्यांमध्ये दरवर्षी छापून येतं.